ऑरिनचा हिरवा दिवा

“शनिवारचा कार्यक्रम सोमवार संध्याकाळपर्यंत इंटरनेटवर चढला नाही, तर मला फोन कर पोरी,” ऑरिन म्हणाला होता. “दिव्यावर जाऊ नकोस. मी नसलो तरी यंत्र गाणी वाटतच राहणार.”

टेसाने ते हसण्यावारी नेलं होतं. तेव्हा तिला आठवा महिना लागला होता आणि माँटपिलियरच्या नाट्यगृहात ती मागच्या भिंतीला टेकून उभी होती. शेजारी हा म्हातारा माइकचा उंच दांडा जमिनीला चिकटपट्टीने घट्ट बसवत होता. ऑरिन थिबो. उभा जन्म शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात गेलेला, आता जवळच्या बॅरी गावात एकटाच राहणारा. ‘लूज गेट’ बँडचा एकही कार्यक्रम त्याने सोडला नव्हता. प्रत्येक कार्यक्रम तो ध्वनिमुद्रित करायचा, त्याला बँडची परवानगी होती. विकायचं नाही, एवढीच अट. घरी तळघरात बसून तो गाणी वेगळी करायचा आणि आवाजाचा एक कणही न गाळता फ्लॅक फाइलींमध्ये साठवायचा. कोणी एमपीथ्री मागितलं की म्हणायचा, “तुला सूप हवंय की सुपाचा फोटो?” मग सगळं टोरेंटवर लावून द्यायचा. त्याचं यंत्र मागेल त्याला रात्रंदिवस गाण्यांचे तुकडे पुरवत राहायचं, आणि तसं चालू असेपर्यंत टोरेंटच्या यादीत त्याच्या नावापुढे हिरवा दिवा दिसायचा.

याला आता दोन वर्षं होऊन गेली होती. फेब्रुवारीतला बुधवार होता, सकाळचे साडेदहा. शनिवारचा कार्यक्रम अजून चढला नव्हता.

टेसाने पहिला फोन मंगळवारी केला, आज सकाळपासून आणखी चार. घंटा वाजत राहायची, कोणी उचलायचं नाही. बँडच्या चाहत्यांच्या फोरमवर विचारलं तर मंडळींनी थट्टाच केली. ऑरिनचा दिवा हिरवा आहे, कालपासून त्याने अकरा जणांना भरभरून दिलंय, आणि ही बाई त्याची चौकशी करतेय. रस्टी नावाने लिहिणाऱ्या एकाने तर स्पष्टच सुनावलं, की आई झालीस म्हणून सगळ्या गावाची आई होऊ नकोस. नवरा कॉलिन कामावर निघताना म्हणाला, म्हातारा जरा आळसावला असेल. “तू झोपलेल्या इव्हीच्या नाकाखालीसुद्धा दहादा बोट धरतेस, टेस.”

ते खरंच होतं. आणि गेले दोन दिवस ती त्या हिरव्या दिव्याकडेही तशीच बघत होती. दिवा आहे, म्हणजे श्वास आहे.

मन शांत व्हावं म्हणून तिने ऑरिनचं जानेवारीतलं ध्वनिमुद्रण आपल्या संगणकावर उतरवायला लावलं. तिच्याकडे ते अर्धवटच होतं. हिरवी पट्टी झरझर पुढे सरकू लागली. पुरवणारा एकच होता, ऑरिन. त्याच्या तळघरातून तिच्या स्वयंपाकघरात एकेक तुकडा येत होता, आणि फोनची घंटा तिकडे तशीच वाजत होती. पट्टी भरली. टेसाने हेडफोन चढवले.

तिसरं गाणं अगदी हळू होतं, नुसती गिटार. तिथे माइकच्या अगदी जवळ कोणीतरी धापा टाकत होतं. आत जाताना अडकणारा, बाहेर येताना शिट्टीसारखा वाजणारा श्वास. माइकपाशी ऑरिन कोणाला फिरकू द्यायचा नाही. स्वतःही हळू गाणं सुरू झालं की तोंडावर मफलर धरायचा. हा श्वास त्याचाच होता. जानेवारीत दाबूनही दबला नव्हता.

तिने इव्हीला कोटात कोंबलं आणि गाडी काढली. वीस मिनिटांचा रस्ता. मागे इव्ही एकच बूट पायात घालून गाणं म्हणत होती. ती गप्प झाली की टेसा आरशात बघायची.

बर्फ सोमवारी दुपारी पडला होता. ऑरिनच्या अंगणात तो कोराच होता. त्यावर ना चाकांची खूण, ना बुटांची. त्याची गाडी जागेवरच होती, टपावर वीतभर थर. टेसाने दार ठोठावलं, हाका मारल्या. मग इव्हीला काखेत घेऊन ती घरामागे गेली आणि तळघराच्या जमिनीलगतच्या खिडकीपाशी गुडघ्यांवर बसली. काचेवर धूळ होती. आत संगणकाच्या पडद्याचा निळसर उजेड होता, आणि कान लावल्यावर यंत्राची घरघर ऐकू येत होती. चाललं होतं सगळं. कोणाला तरी, कुठेतरी, आत्ताही तो कार्यक्रम पुरवत होता.

त्या उजेडात जिन्याच्या पायथ्याशी एक पाय दिसला. लोकरी मोजा, टाच वर.

तातडीच्या मदतीच्या फोनवरच्या बाईने पत्ता दोनदा विचारला. टेसाला तो दुसऱ्यांदा नीट सांगता येईना. बचाववाले आठ मिनिटांत आले. ती आठ मिनिटं टेसा काचेवर बोटांनी टकटक करत राहिली. इव्हीला तो खेळ वाटला, तीही टकटक करू लागली. पाय हलला नाही.

दार फोडून त्याला वर आणलं तेव्हा ओठ राखेसारखे झाले होते, पण डोळे उघडे होते. सोमवारी सकाळी धाप लागून तो जिन्यावरून कोसळला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. शेजारीच तापणाऱ्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीमुळे तो गोठला नाही, एवढंच. दोन दिवस तो तिथे पडून यंत्राची घरघर ऐकत होता. वर वाजणारा फोनही ऐकत होता.

टेसा स्ट्रेचरपाशी वाकली. त्याने तिला ओळखलं. आवाज जवळजवळ नव्हताच.

“दिवा हिरवाच होता ना?” तो म्हणाला.



ऑरिन अजून इस्पितळात आहे. नाकाला नळी आहे, आणि फुप्फुसांबद्दल डॉक्टर ठामपणे काही सांगत नाहीत. चौथ्या दिवशी त्याने कोटाच्या खिशातला रेकॉर्डर टेसाच्या हातात दिला आणि बजावलं, शनिवारचं तू चढव, काही खोडू नकोस. तिने गाणी वेगळी केली. धाप होती तशी ठेवली. पाचव्या गाण्यात ती टाळ्यांच्या वरही ऐकू येते. रस्टीने माफी मागितली आणि सगळ्यांत आधी त्यानेच ते उतरवून घेतलं.

प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत एक छोटी मजकुराची फाइल जाते : तारीख, जागा, माइक कोणते, दांडा किती उंच. टेसाने ते सगळं ऑरिनच्या पद्धतीने लिहिलं. मग इव्हीच्या खोलीत जाऊन आली, नाकाखाली बोट धरून आली, आणि शेवटी आणखी काही ओळी लिहिल्या :

“हे उतरवून घेताय, तर ऐकण्याआधी एक काम करा. तुमच्या यादीत असा कोणी असेल, जो एकटा राहतो आणि ज्याचा दिवा कायम हिरवा असतो. त्या दिव्यावर जाऊ नका. फोन करा. उचलला नाही, तर दारापर्यंत जा. आजच जा.”