माय मदर इज अ हाउसवाइफ

रंगनाथ सरांची बायको श्रावणात गेली आणि त्यानंतर त्यांना कशाचं म्हणून काही वाटेनासं झालं. ते रडले नाहीत, अंथरुणाला खिळले नाहीत. तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून, सायकलला कुलूप लावून अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, वर्गावर हजर! लोक म्हणाले, माणूस मोठा खंबीर. कसला खंबीर हो! मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात, मग चिमटा काढला तरी कळत नाही. सरांचं सगळंच तसं झालं होतं.

हायस्कूल जामखेड तालुक्यातलं. पावसानं वर्षामागून वर्ष पाठ फिरवलेली. अर्ध्या वर्गाचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडत होते, उरलेल्यांचे कारखान्यांकडे ऊस तोडायला गेलेले. अशात हेडमास्तरांनी सरांना बोलावून घेतलं.

"रंगनाथराव, मॅट्रिक झाली की ही पोरं कुणी कॉलेजात जाईल, कुणी नोकरीला. मुलाखतीत साहेबानं इंग्रजीत नाव विचारलं तरी यांची दातखीळ बसते. शाळा सुटल्यावर तासभर घेत जा यांना."

"बरं," सर म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच बरं म्हणायचे.

तर रोज शाळा सुटली की वर्गात टेबल, टेबलाच्या अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक. पलीकडच्या खुर्चीत सर म्हणजे साहेब. पोरानं दाराशी यायचं, "मे आय कम इन, सर?" म्हणायचं, हाक आली की आत यायचं आणि खुर्चीवर बसायचं. आता हे बसणंच मोठं संकट! गुरुजींसमोर खुर्चीवर बसायचं म्हणजे काय, घरी कळलं तर बाप कानफटात देईल. पोरं दाराबाहेर चपला काढायची, हात जोडायची आणि खुर्चीच्या कडेला नुसती टेकायची, विस्तवावर बसल्यासारखी.

प्रश्न ठरलेले, उत्तरं सरांनी फळ्यावर लिहून दिलेली. माय फादर इज अ फार्मर. माय मदर इज अ हाउसवाइफ. आय हॅव वन ब्रदर. सगळ्यांनी उतरवून घेतली, घोकली. मच्छिंद्र तेवढा अडला. त्याचा बाप जामखेडच्या बाजारात केस कापायचा.

"सर, आमचा बाप फार्मर न्हाई."

"असू दे. तसंच म्हण."

"पन सर, खोटं हुईल की!"

"आपल्या मनचं घालायला जाशील आणि माती खाशील. तेवढं खोटं चालतं. माझं वाक्य बदलायचं नाही, एक शब्दही नाही. कळलं?"

कळलं म्हणाला बिचारा. सरांचा शब्द तो! आमच्याकडे पोरं आईबापाला उलटून बोलतील एक वेळ, पण सरांनी लिहून दिलेल्यातला काना बदलायची छाती कुणाची नाही. दुसऱ्या दिवसापासून न्हाव्याचा, शिंप्याचा, कोतवालाचा, झाडून सगळ्यांचा बाप शेतकरी झाला.

या वर्गात चांगुणा होती. लांबच्या वाडीवरून पायी यायची. कमी बोलायची, पण शिकायची जिद्द दांडगी. नगरच्या एका दवाखान्यात नर्सिंगचं शिक्षण मिळत होतं, राहायची सोय तिथंच. मुलाखत मात्र इंग्रजीत. तिच्या बापानं, सहादेवानं, सरळ सांगून टाकलं होतं, "घेतलं तर जा बाई, मी आडवा येनार न्हाई. न्हाई घेतलं तर उन्हाळ्यात हात पिवळे." पोरगं पाहून ठेवलेलं, ऊसतोडीचं. म्हणजे पुढच्या हंगामाला चांगुणाच्या हातात कोयता. सहादेवाचं तरी काय चुकत होतं? घरात बाई राहिली नव्हती, तरणी पोर एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची?

तिची आई दिवाळीनंतर खडीच्या कामावरच तापानं फणफणली आणि बघता बघता गेली. चांगुणा बरेच दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा थेट टेबलाशी उभी राहिली. सर हजेरी घेत होते.

"सर, आई गेली."

"बरं," सर म्हणाले. "बस."

ती बसली. सरांनी पुढचं नाव पुकारलं. अहो, वेशीवरच्या दगडाला सांगितलं असतं तर तोही जरा हलला असता! पण सरांच्या कानापर्यंत आलेलं आत पोचतच नव्हतं, त्याला कोण काय करणार.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सरांनी तिची तयारी करून घेतली. चांगुणा आत आली, खुर्चीवर नीट बसली, मान वर ठेवली.

"व्हॉट डज युअर फादर डू?"

"माय फादर इज अ फार्मर, सर."

"व्हॉट डज युअर मदर डू?"

ती जराशी थांबली. सरांच्या तोंडाकडे तिनं पाहिलं. तिथं काहीच नव्हतं.

"माय मदर इज अ हाउसवाइफ, सर."

"गुड. असंच. एक शब्द बदलायचा नाही."

दुसऱ्या दिवशी चांगुणा एसटीनं नगरला गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पोरं पांगली तरी ती बाकावरून उठेना. शेवटी सरांनीच विचारलं, "काय झालं गं?"

"न्हाई घेतलं, सर."

मग तिनं सांगितलं. मुलाखतीला डॉक्टरीणबाई होत्या. आईचं विचारलं, तिनं पाठ होतं ते म्हटलं. बाईंनी अर्ज पाहिला. अर्ज हेडमास्तरांनी भरलेला, त्यात आई मयत म्हणून लिहिलेलं. बाईंनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच म्हटलं. "मग मराठीत म्हनल्या, अगं, खोटं कशापायी बोलतीस? मला रडूच आलं सर, बोलताच आलं न्हाई. त्या म्हनल्या, पाठ करून आलेली पोरगी मला नको. रोग्यापाशी काय पाठ केलेलं म्हननार? सोमवारी शेवटच्या मुलाखती हायत. खरं बोलता आलं तर ये, न्हाई तर येऊ नको."

"अगं, मग सांगायचं ना आई गेली म्हणून!"

चांगुणानं मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

"ते वाक्य तुमी शिकवलंच न्हाई, सर."

सर खडू घेऊन फळ्याकडे वळले. माय मदर इज, एवढं लिहिलं आणि हात थांबला. पुढचा शब्द येत नव्हता असं थोडंच आहे? एमए झालेला माणूस! पण हात काही पुढं सरकेना. खडू खाली ठेवून ते वळले.

"चांगुणा, तू इकडं बस. माझ्या खुर्चीत. तू साहेब हो. मी करून दाखवतो."

"तुमच्या खुर्चीत? न्हाई बाई!"

"बस म्हणतो ना."

ती बसली, टेबलाला हात न लावता. सर दाराबाहेर गेले, चपला काढल्या, मे आय कम इन म्हणून आत आले आणि पोरांच्या खुर्चीवर बसले. चांगुणानं प्रश्न ओळीनं विचारले. नाव, गाव, शिक्षण. सरांनी खडाखड उत्तरं दिली. मग पुढचा प्रश्न आला आणि चांगुणा अडखळली. एवढ्या मोठ्या सरांना आईबाप काय करतात म्हणून कसं विचारायचं? तेव्हा तिनं पहिल्यांदाच सरांच्या वाक्यातला एक शब्द बदलला.

"व्हॉट डज युअर वाइफ डू?"

"माय वाइफ इज अ हाउसवाइफ," सर म्हणाले.

सवयीनं म्हणाले. वाक्य खोलीत पडून राहिलं. चांगुणा वाट बघत बसली. बाहेर शिपाई श्रीमंत व्हरांडा झाडत होता, त्याच्या खराट्याचा आवाज येत होता. श्रावणापासून हे सरांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लोकच त्यांना सांगत होते, ते मान हलवत होते.

"नो," सर म्हणाले. "माय वाइफ इज डेड."

आणि त्यांनी धोतराचा सोगा तोंडाला लावला. लहान पोरासारखे रडले हो सर, एका पोरीसमोर, खुर्चीच्या कडेला टेकून. खराट्याचा आवाज थांबला. श्रीमंत दारात डोकावला आणि आल्या पावली मागं फिरला.

चांगुणा साहेबाच्या खुर्चीत तशीच बसून होती. तिचेही डोळे भरले होते, पण मान वर होती.

"माय मदर इज डेड, सर," ती म्हणाली. तिनं पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा आवाज कापला नाही.

सोमवारी संध्याकाळी सर एसटी स्टँडवर जाऊन उभे राहिले. नगरची गाडी धुरळा उडवत आली. चांगुणा उतरली, सरांना पाहून थबकली, पाया पडायला वाकली.

"घेतलं, सर."

"ब..." सरांच्या ओठांवर आलंच होतं. त्यांनी ते गिळलं. आजूबाजूला माणसं गाठोडी घेऊन गाडीकडे धावत होती. सर तिथंच उभे राहिले आणि जे दिवाळीनंतर टेबलाशी विचारायला हवं होतं, ते त्यांनी आत्ता विचारलं.

"तुझ्या आईचं नाव काय होतं गं?"

"बायडाबाई."

"बायडाबाई," सर म्हणाले. मग म्हणाले, "आमच्या हिचं मुक्ता."