शाई न पिणारा कागद

कागद शाई पितो म्हणजे काय, हे ज्याच्या घरात बाप बोलायचा बंद झालाय त्याला विचारा. बाकीच्यांचं काय जातं, ते म्हणतात पेन बदला. अहो, पेन बदलून भागलं असतं तर मी आठवडाभर मेन रोडच्या दुकानदारांची तोंडं बघत फिरले असते का?

आमचे नाना, भिमाजी भामरे, नामपूरच्या कांदा मार्केटात लिलाव पुकारायचे. आवाज असा, की त्यांनी भाव पुकारला की नदीपलीकडच्या बाया घरात बसून म्हणायच्या, आज कांदा चढला बरं का. आणि त्यांची एक खोड होती. व्यापाऱ्यांची बोली वर जाऊन थांबली की बाकीचे पुकारणारे लिलाव तोडून पुढच्या ट्रॅक्टरला जायचे. नाना थांबायचे. ट्रॅक्टरवर उभ्या शेतकऱ्याकडे मान वर करून विचारायचे, "देऊ का?" त्यानं होकार दिला तरच सौदा. तो नको म्हणाला तर नाना स्वतः गर्दी सारून त्याला परत जायला वाट करून द्यायचे. व्यापारी चिडायचे, शिव्या घालायचे. नाना ढिम्म.

गेल्या वर्षी त्याच गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक राहिलं, श्वास तिथून. आवाज गेला तो गेलाच. मी त्यांना नाशिकला माझ्याकडे सिडकोत आणलं. मी एकटी राहते, ब्लाऊज शिवते, माझ्यावर डाफरणारं कोणी नाही. भाऊ कुंदन सिन्नरला कंपनीत आहे, सुट्टीला येतो.

आता नाना बोलणार कसे? पाटी आणली, तर खडूची भुकटी गळ्याच्या भोकात जाऊन असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. मोबाईल दिला, तर केमोनं बोटं बधिर झालेली, एक अक्षर दाबायला जावं तर चार उमटायची. मग तो पांढरा बोर्ड आणि मार्कर. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी नाना काहीतरी लांबलचक लिहीत होते आणि कुंदननं "कळलं कळलं" म्हणत मधेच बोर्ड पुसला. नानांनी बोर्ड भिंतीवर मारला. बरोबरच केलं. तुमचं बोलणं अर्ध्यात कोणी पुसलं तर तुम्ही काय पेढे वाटाल?

बॉलपेन दाबायला हातात जोर नाही. राहिला नानांचा जुना शाईचा पेन. तो नुसता टेकवला की चालतो. आम्हाला हायसं वाटलं. पण पेन चालला तर कागद चालेना! वही म्हणू नका, झेरॉक्सचा कागद म्हणू नका, नानांनी शब्द लिहिला की त्याला मुळ्या फुटायच्या. 'भाकर'चा निळा डाग व्हायचा. नानांचा हात हळू, निब एका जागी रेंगाळायचं, मग तर शाई थेट मागच्या पानावर. एकदा कॉलेज रोडच्या चकचकीत दुकानातून परदेशी कागदाचं पॅड आणलं. काय कागद होता! अक्षर जिथल्या तिथं. नानांनी मागचं किमतीचं लेबल वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पानाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं, 'चहा'. नंतर पॅड उशाखाली ठेवून दिलं. अख्ख्या मार्केटात ऐकू जाणारा माणूस कागद वाचवत बोलायला लागला. स्वस्त कागद हवा होता, ढिगानं उधळता येईल असा.

तशात पुन्हा गाठ निघाली. या वेळी जिभेच्या मुळाशी. डॉक्टर म्हणाले, जीभ काढावी लागेल, जेवण पोटात नळी घालून, त्यानं काही महिने वाढतील. कुंदननं तिथल्या तिथं सोमवार ठरवला. घरी आल्यावर नाना खिडकीपाशी बसले आणि बराच वेळ लिहीत राहिले. माझ्या गिऱ्हाइकांच्या मापांची वही होती हाताशी, तीच घेतली. लिहून झाल्यावर माझ्या हातात दिली. मी पान उलटंसुलटं केलं. दोन्ही बाजूंनी शाई एकमेकीत मिसळून नुसता चिखल. एक ओळ लागेना. "नाना, काहीच कळत नाही हो," मी म्हणाले. त्यांनी पान परत घेतलं, फाडलं, पेनाला टोपण लावलं. त्यानंतर एक अक्षर नाही. चहा हवा की नको तेही नाही.

तुम्हाला सांगते, मी घाबरले. माणूस मुका होणं वेगळं आणि गप्प होणं वेगळं. या गप्प माणसाला मी सोमवारी आत कशी पाठवू? घाबरलाय का? रागावलाय का? आम्हाला काही सांगायचंय का? सोमवारच्या आत नानांना बोलतं करायचंच, एवढं एकच मनात.

मग मी मशीन बंद केलं, पेन पर्समध्ये टाकला आणि निघाले. दुकानात शिरायचं, म्हणायचं, "कागदाच्या कोपऱ्यावर जरा लिहून बघू का?" एकजण हसला, "ताई, आजकाल शाईच्या पेनानं कोण लिहितं?" मी म्हटलं, "माझा बाप लिहितो, काही अडचण?" दुसऱ्यानं कोपरा निळा झाल्यावर अख्खं रजिस्टर गळ्यात मारलं. माझं डोकं असं, की जाड कापड चांगलं तसा जाड कागद चांगला. म्हणून मी जाड जाड घेत सुटले. ड्रॉइंगचे कागद, लग्नपत्रिकांचे उरलेले पुठ्ठे, जाडजूड रजिस्टरं. मेले सगळे एकजात पिणारे! जितका जाड तितका तहानलेला. कॅलेंडरच्या पाठीवर शाई फुटली नाही, पण वाळलीही नाही. हात लागला की सगळं पुसलं.

शनिवारी भद्रकालीत विमलाबाईच्या रद्दीच्या दुकानात पोचले, तेव्हा चप्पल तुटलेली आणि माझा पारा चढलेला. विमलाबाई मूळची पेठ तालुक्याकडची, पायावर पाय टाकून वजनकाट्याशी बसलेली. तिच्याकडून जुनी, पिवळी, जाड पानांची रजिस्टरं घेतली. म्हटलं, जुना कागद तरी इमानदार असेल. तिनं कुठल्याशा पांढऱ्या कागदात गठ्ठा गुंडाळून दिला. मी तो काखेत मारून घरी आले.

नाना खिडकीपाशी. पाठमोरे. मी टेबल समोर ओढलं, गठ्ठा सोडला, पेन उघडून एकेक पान तपासायला बसले. पहिलं फुटलं. दुसरं फुटलं. तिसऱ्यावर तर शाई पडायचा अवकाश, टीपकागदासारखी गिळली. दाराशी सोमवारची पिशवी भरून ठेवलेली, मीच भरली होती, दोन पायजमे, टॉवेल, फाइल. तिच्याकडे नजर गेली आणि माझा बांध फुटला.

"नाना, शिव्या द्या मला! थोबाडीत मारा! पण काहीतरी बोला हो! मी कुठं कुठं जाऊ? काय आणू? परवा तुम्हाला नेणार आहेत आणि तुमच्या मनात काय आहे मला ठाऊक नाही!"

नाना वळले नाहीत. मी रडत रडत हाताला येईल ते चुरगाळून फेकत होते. शेवटी विमलाबाईनं गुंडाळलेला तो पांढरा कागद हातात आला, तोही मुठीत चुरगाळला. तो खडखड वाजला.

नाना वळले.

त्यांनी हात पुढं केला. मी दिला. त्यांनी तो बोळा उलगडला, एक कड अंगठ्यात आणि बोटात धरली, कानाशी नेली आणि चोळली. मी हे लहानपणी हजारदा पाहिलंय! ढिगातून कांदा उचलायचे, कानाशी धरून वरच्या सालीची पत्ती चोळायचे. सुकलेली पत्ती कुरकुर वाजते, तो कांदा साठवणीच्या चाळीत टिकतो. वाजला नाही तर ओला, पाणी धरलेला, सडणारा. नानांनी टेबलावरची माझी जाड पानं एकेक करून कानाशी नेली. एकही वाजलं नाही. मऊ, फुसकी सगळी. त्यांनी ती बाजूला सारली, पेन घेतला आणि त्या चुरगळलेल्या कागदावर एक रेघ ओढली. शेवटी मुद्दाम निब टेकवून ठेवलं.

रेघ रेघच राहिली. ठिपका ठिपकाच राहिला. मागची बाजू कोरी!

मी तशीच, तुटक्या चपलेनं, परत भद्रकालीत. "विमलाबाई, गुंडाळायचा तो कागद कुठला?" तिनं मागच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातले खोके, कम्प्युटरच्या जुन्या छपाईचा कागद, दोन्ही कडांना भोकं, पानाला पान जोडलेलं. पातळ, कोरा. "न्या की समदा," ती म्हणाली. "लय दिस पडलाय. भजीवाले बी घेत नाय. तेल पीत नाय ना तो, गिऱ्हाइकाच्या हाताला लागतं." मला तिथंच हसू फुटलं आणि रडूही. रद्दीच्या भावात खोका रिक्षात घातला. रिक्षावाला म्हणाला, "ताई, लॉटरी लागली का?" म्हटलं, "लागली बाबा, चल."

रविवारी सकाळपासून नाना लिहीत बसले. पान संपलं की पुढचं ओढायचं, जोडलेलंच असल्यानं बोलणं तुटत नव्हतं. मधे मधे मला चिमटे. 'पोह्यात मीठ टाकायला इसरली का?' 'रिक्षावाल्यानं फसवलं तुला.' मी पोळ्या लाटत होते आणि बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होते. मनात म्हटलं, झालं, आता नाना उद्या धीरानं जातील. मग बराच वेळ पेनाचा आवाज नुसता चालू राहिला. दुपारी त्यांनी टेबलावर टकटक केलं. मी पिठाचे हात पुसून कागद घेतला.

'माय,
पहिल्या टायमाला आवाज मागितला, मी दिला. जीव मिळाला. सौदा बरोबर झाला, माझी तक्रार नाय. आता जीभ मागतात. बदल्यात नळी आन थोडे महिने. मी जन्मभर पुकार केला, पन ट्रॅक्टरवरच्या मानसाला इचारल्याबिगर एक लिलाव तोडला नाय. डॉक्टरनी भाव सांगितला. कुंदननी होकार दिला. तू पिशवी भरली. माल मना शे. माले कोनी इचारं?
मला हा भाव पटत नाय. मी माल परत घरी नेतो. मला नामपूरला ने. जीभ हाय तवर तुझ्या हातची भाकर आन ठेचा खाऊन घेतो.'

हे ऐकायला मी पायपीट केली होती? मी नानांना बोलतं करायला निघाले होते, पण त्यांनी काय बोलायचं ते मी आधीच ठरवून टाकलं होतं. खोटं कशाला सांगू, त्या कागदाचा राग आला मला. पहिल्यासारखा चिखल झाला असता तर म्हणता आलं असतं, कळत नाही हो नाना. इथं एकेक अक्षर कोरडं, निळंशार, उभं.

तेवढ्यात कुंदन आला. हातात नारळपाणी, उद्याची सुट्टी काढून आलेला. दाराशी पिशवी दिसली तसा म्हणाला, "भरली का? छान. नाना काय लिहितायत?"

मी कागद पाठीमागे धरला. "काही नाही रे. असंच."

टेबलावर धाडकन हात आपटला. नाना उभे राहिले होते. त्यांनी गळ्याच्या भोकाला बोट लावलं, मग तेच बोट माझ्या तोंडाकडे केलं. पेन उचलून मोठ्या अक्षरात पानभर लिहिलं, 'वाच. मोठ्यानं.'

मी वाचायला लागले. पहिल्या ओळीला आवाज चिरका होता. पुढं पुढं तो कुठून वर आला देव जाणे, खालच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली असतील. "माल मना शे", माल माझा आहे, हे म्हणताना तर मार्केटात उभी असल्यासारखी ओरडले मी. माझे डोळे वाहत होते, पण अडखळले नाही.

कुंदन खाली बसला. "असं कसं, असं कसं," एवढंच म्हणत होता. "नाना, अहो काही महिने तरी... आम्हाला नकोत का तुम्ही? योगे, खाली अजून काही लिहिलं असेल, नीट बघ."

"नाही रे," मी म्हणाले. "एवढंच आहे."

मग मी नानांकडे वळले. मान वर करून, त्यांच्यासारखीच, विचारलं, "नाना, देऊ का?"

नानांनी आधी कुंदनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सावकाश, नाही म्हणून मान हलवली.

तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला. कुंदननं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, उठला, आणि दारातली पिशवी उचलून वाटेतून बाजूला केली.