नव्या पिंपावर माझा विश्वास नव्हता

मित्रांनो, कारखान्याच्या मागच्या खोलीत ताडपत्री पांघरून उभी असलेली पोलादी टाकी म्हणजे मी. श्रवणयंत्रांच्या सर्किटांवर भाग जोडायला वितळलेल्या धातूचा डाख दिला की चिकट मळ उरतो. तो काढणं हे माझं काम. माझ्या तळाशी एक द्रव उकळे, त्याची वाफ गार सर्किटांवर बसे आणि मळ घेऊन खाली ओघळे. पाहुणे आले की मला कौतुकाने दाखवलं जाई.

पुढे कळलं, की माझ्यातून निसटणारी वाफ वर जाऊन ओझोनच्या थराला खाते. त्या द्रवावर बंदी आली. योग्यच झालं.

मग पर्यायाचा शोध सुरू झाला. प्रयोगशाळेतल्या ताईने साबणाचं पाणी वापरून पाहिलं, तर भागांखाली ओल राहून गंज चढला. स्पिरिट माझ्यात तापवायचं म्हणजे आगीशी खेळ. तेवढ्यात एक विक्रेता नव्या द्रवाचं पिंप घेऊन आला.

"मॅडम, बंदीच्या यादीत हे नाहीच!" तो म्हणाला.

"यादीत नाही म्हणजे निर्धोक असं कुणी सांगितलं?" ताईने विचारलं.

मलाही त्या द्रवाचा गोडसर वास खटकला होता. पण सर्किटं लख्ख निघू लागली आणि साहेब खूश झाले. मला चालवणारे मामा तर ताईला चिडवू लागले, "ताई, तू सख्ख्या भावाने दिलेलं पाणीसुद्धा हुंगून पिशील!"

मामांची एक सवय होती. वाफ कुठवर चढली ते पाहायला ते माझ्या काठावर ओणवे होत. जुन्या द्रवाच्या वेळची ती सवय नव्या द्रवातही चालूच राहिली. त्यांचा श्वास माझ्या वाफेत मिसळताना मला दिसे, पण मला तोंड कुठे?

काही महिन्यांनी मामा सर्किटांचा ट्रे घेऊन माझ्यापासून दूर गेले. त्यांची एक चप्पल माझ्यापाशीच राहिली होती.

"मामा, चप्पल!" ताई ओरडली.

मामांनी खाली पाहिलं. "अरेच्चा! कधी निसटली?"

ताई हसली नाही. "पायाला कळलं नाही तुमच्या?"

"हल्ली जरा बधिर असतात. वय झालं, दुसरं काय!"

ताईने तिथल्या तिथे माझं बटण बंद केलं. साहेब आले, माल अडेल म्हणून चिडले. ती म्हणाली, "माल अडू दे. मामांना आधी डॉक्टरकडे न्या." डॉक्टरांनी वाफेवरच बोट ठेवलं; तिने मामांच्या पायांच्या नसा दुखावल्या होत्या. पिंप परत गेलं.

शेवटी ताईने डाखाचं मिश्रणच बदललं. त्याचा मळ शुद्ध गरम पाण्याने निघतो, आणि वेळ लागला तरी गरम हवेने सर्किटं पूर्ण वाळवतात. त्यासाठी दुसरं यंत्र आलं. मी बेकार झाले. त्या धुण्याचं सांडपाणी कुठे जातं, याची चौकशी ताईने पहिल्याच दिवशी केली, तेव्हा मला बरं वाटलं.

बऱ्याच महिन्यांनी मामा अनवाणी आत आले. "ताई, फरशी गार लागतेय गं!"

"डोळे मिटा," ताई म्हणाली. तिचा अजून विश्वास नव्हता. तिने त्यांच्या अंगठ्याला लोखंडी पाना टेकवला.

"अगं, गार आहे! काढ, काढ!"

मग मात्र ती हसली.

मित्रांनो, कुणी एखादी वस्तू सुरक्षित आहे म्हणालं, तर कुणासाठी, हे जरूर विचारा. आणि जो माणूस ती रोज हाताळणार आहे, त्याच्याकडे नीट लक्ष ठेवा.