तळ्यात उभं केलेलं चेलो

आमच्या धाकट्या मुलानं वाद्य बिघडवलं याचा मला तेवढा राग नाही. बिघडवलं, पेटीत घातलं, दोन्ही खटके लावले, जागच्या जागी ठेवलं आणि चहा पिऊन गेला, याचा राग आहे. वर मलाच म्हणतो, "आई, चहा आज फिका झालाय." माझ्याच पोटचं, आणि इतकं निर्ढावलेलं!

आमचे हे वाद्यं करतात. व्हायोलिन, आणि त्याचा थोरला भाऊ चेलो, खुर्चीत बसून गुडघ्यांत धरून वाजवतात ते. मागच्या खोलीत कारखाना. मी चार इयत्ता शिकलेली, पण लाकूड चिकटवायचा सरस चाळीस वर्षं मीच शिजवला. उकळी फुटू द्यायची नाही, फुटली की तो वाया. लोकांना वाटतं, सरस जितका चिवट तितका चांगला. तसं नसतं. पुढंमागं दुरुस्तीला वाद्य उघडावं लागतं, तेव्हा सांधा सुटावा, लाकूड फाटू नये, म्हणून तो बेताचाच ठेवायचा. त्यामुळे पाण्याशी त्याचं वैर. हे आमच्या घरात पोरांना चालायच्या आधी कळतं.

ह्यांची आणखी एक खोड. वरची फळी चिकटवून वाद्य बंद करण्याआधी आत पेन्सिलीनं आपल्या चुका लिहायच्या. 'इथं रंधा जास्त लागला. घाई माझी.' बाहेरून कुणाला दिसत नाही, गिऱ्हाइकाला तर नाहीच नाही. मी चिडवायचे, "अहो, आपलीच निंदा आत कोंडून विकणारा दुकानदार पहिलाच बघतेय." हे म्हणायचे, "पुढं जो उघडेल त्याला कळायला नको?"

धाकटा फोटो काढतो, गाण्यांच्या अल्बमच्या कव्हरांसाठी. वाद्य जिथं असू नये तिथं नेऊन ठेवायचं, हेच त्याचं कसब. नांगरलेल्या शेतात पियानो. बर्फात उपडा ट्रम्पेट. खाणीच्या कड्यावर ड्रम, वाजवणारा कुणीच नाही. लोक वेडे होतात. मीही झाले होते, खोटं कशाला बोलू? पुढच्या खोलीत कव्हरं ओळीनं लावली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून मी दाखवायचे. हे एवढंच म्हणायचे, "पियानोला सर्दी झाली असेल बिचाऱ्याला."

मग त्याला ह्यांचं चेलो हवं झालं. ते विकायचं नव्हतं. हात थरथरायला लागले त्याआधीचं ते शेवटचं, चार वर्षं लागली होती. हे "नाही" म्हणाले, एकदाच, आणि ते ठेवलं होतं त्या कपाटाची किल्ली शर्टाच्या खिशात ठेवायला लागले.

धाकटा माझ्यामागे भुणभुण करायला लागला. "आई, मोठ्या गायिकेचा अल्बम आहे. तळ्याच्या कडेला नुसतं उभं करतो. दुपारपर्यंत परत." थोरल्या लेकीनं ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं त्या दिवशी किल्ली आदल्या दिवशीच्या शर्टात राहिली होती. मी काढून दिली. मोठ्या अल्बमवर माझ्या लेकाचं नाव येणार, या हावेपायी दिली.

रविवारी हे चेलो पुसायला काढायचे. पेटी उघडली तर वरची फळी खालच्या बाजूनं बोटभर सुटलेली, कडा फुगलेल्या. फटीतून ह्यांचं पेन्सिलीचं अक्षर दिसत होतं. ह्यांनी फटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अगं, किल्ली कुणाला दिली होतीस का?"

"मी कशाला देऊ?" मी फटकारलं. "तुम्हीच खिडकीशी उघडं टाकलं असेल. ओल लागली असेल."

मला वाटलं, उलट बोलतील. चाळीस वर्षं बोलत आलेत. तर म्हणाले, "असेल."

त्या दिवसापासून हे गॅस तीनतीनदा बघायला लागले. "गोळी घेतली का गं मी?" असं विचारायला लागले. एक दिवस किल्ली माझ्या हातात ठेवली. "तूच सांभाळ. माझा काही भरवसा राहिला नाही." कारखान्यात जाणं बंद. दिवसभर खुर्चीत, हात मांडीवर.

मी धाकट्याला फोन केला. "बापाला सांग काय झालं ते." तो म्हणाला, "आता शांत झालंय ना आई? कशाला उकरतेस?" फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं. तेच आठवलं की आज जेवण उतरत नाही.

दोन महिन्यांनी तो अल्बम घेऊन आला. स्वयंपाकघरात, हळूच, जणू चोरीचा माल. करड्या पाण्यात कमरेइतकं बुडून चेलो उभं, मागं धुकं. आंघोळीला उतरलेला माणूस परत यायचा विसरावा तसं. सुंदर होता हो फोटो. कुठं लावायचा ती जागासुद्धा मी भिंतीवर राखून ठेवली होती.

"कडेला म्हणाला होतास."

"कडेला मजा येत नव्हती गं."

मी त्याच्या हातातून कव्हर घेतलं, ह्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. "किल्ली मी दिली. ओल नाही, खिडकी नाही. तुम्ही काही विसरला नव्हता."

ह्यांनी कव्हर नीट पाहिलं. "म्हणजे कपाट मी लावलं होतं."

"लावलं होतं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "दोन महिने, अगं," एवढंच म्हणाले.

धाकट्याला मी जाऊ दिलं नाही. रात्रभर सरस भिजवला, सकाळी शिजवला. ह्यांचे हात चालत नव्हते, म्हणून हे सांगत होते आणि धाकटा करत होता. पुरती उघडलेली फळी परत बसवायच्या आधी ह्यांनी सवयीनं पेन्सिल उचलली. ती मी ह्यांच्याकडून मागून घेतली आणि माझ्या वाकड्या अक्षरात आत लिहिलं: 'किल्ली मी दिली. खोटंही मीच बोलले.' मग पेन्सिल धाकट्यापुढं धरली.

तो हसला. "आई, आत कोण बघणारे?"

"पुढं जो उघडेल तो बघेल," मी म्हटलं. "फोटो तू झकास काढतोस, त्यात खोट नाही. पण तू भित्रा आहेस रे. आणि हे तुला बापाकडून नाही आलं, माझ्याकडून आलंय. धर पेन्सिल."