पानूच्या उशाचा डबा

मी पितळेचा डबा बोलतोय. जुन्नरच्या तांबटाचे ठोके खाऊन घडलो आणि राजुरीला रिखबचंद शेटजींच्या स्वयंपाकघरात आलो. घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, शिळं काही ठेवायचं नाही. उरलेली भाकरी गाईला जायची आणि आम्ही सगळी भांडी घासूनपुसून पालथी पडायचो. मला त्याचा भारी तोरा होता.

मारवाडात संवत १९५६चा, छप्पनचा म्हणतात तो, मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिकडच्या माणसांबरोबर पानू आली. सात-आठ वर्षांची, शेटजींच्या लांबच्या नात्यातली. आईबाप नाहीत बरोबर. शेटाणी झमकूबाईंनी तिला पोटाशी धरलं. दिवसा पोर बरी असे. पण आम्ही पालथे पडलो की थरथरू लागे. विचारलं तर बोलत नसे.

शेजारची कुशाबाई म्हणाली, "आवं, पोरीला नजर लागलीया. मीठ-मोहऱ्या उतरून टाका."

टाकल्या. फरक काही पडला नाही.

मग तिच्या वाकळेखाली बुरशी आलेले भाकरीचे तुकडे सापडले. शेटजी भडकले. "पोटभर मिळतं तरी चोरून ठेवते! हिला दुसरीकडे धाडून देऊ."

झमकूबाईंनी तिला मांडीवर घेतलं. "का गं ठेवलंस, बाळा?"

पानू म्हणाली, "आईनं पण भांडी पालथी घातली होती. दाणे आणते म्हणाली. आलीच नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज संध्याकाळी आम्ही त्या लेकराला तोच दिवस दाखवत होतो, आणि वर त्याचा तोरा मिरवत होतो!

शेटजी उठून बाहेर गेले. तिला धाडायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. झमकूबाई विचार करत बसल्या. शिळी भाकरी धर्माला चालत नाही, पण फुटाण्यांना कसलं शिळेपण? त्यांनी मला फुटाण्यांनी भरलं आणि पानूच्या उशाशी ठेवलं. पोरीनं एक दाणा खाल्ला नाही. नुसता झाकणावर हात ठेवून झोपली. थरथर हळूहळू कमी झाली. आईची वाट पाहणं मात्र सुटलं नाही. त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

यंदा तिचं लग्न झालं. ती सासरी जायला गाडीत बसताना झमकूबाई मला तिच्या हाती देऊ लागल्या. तिनं मला छातीशी धरलं आणि परत दिलं.

"काकी, ह्याला इथंच राहू दे. भरलेला ठेव. उद्या एखादं पोर एकटंच आलं तर?"

तेव्हापासून मी फडताळात भरलेला बसून आहे. कुणी येऊच नये, असं रोज मनात म्हणतो. पण आलंच, तर बाबांनो, त्याला लगेच काही विचारू नका. आधी मला त्याच्याजवळ ठेवा.