बाबांची दुसरी सिगारेट

"फुंक अजून. अजून. थांबू नकोस," मी म्हणाले.

आईने गाल फुगवून नळीत फुंकलं, डोळे मोठ्ठे केले आणि शेवटी खोकली. यंत्रावर शून्य आलं. हिरवं, ठसठशीत शून्य.

"आलं ना?" आई म्हणाली. "दर वर्षी तेच येतं. उगाच माझी अर्ध्या दिवसाची कालवं फोडायची मजुरी बुडवतेस."

शेजारच्या टेबलावरून बेकबाईंनी टाळ्या वाजवल्या. आमच्या बंदरातल्या सरकारी आरोग्य केंद्रात सिगारेट सोडवायचा एक कोपरा आहे, तो आम्ही दोघी चालवतो. मागच्या भिंतीवर सोडलेल्यांचे फोटो आहेत. त्यातला पहिला आईचा: पिलसुन, वय साठ, हातात प्रमाणपत्र आणि तोंडावर लग्नाच्या फोटोतला धाक. नवीन माणूस आला की बेकबाई त्या फोटोकडे बोट दाखवतात. "ही बाई चाळीस वर्षं ओढत होती. नि ही शेजारी बसलीये ना, हिचीच आई."

आईने सही केली आणि गेली. तिचा मफलर खुर्चीवर राहिला. तो घेऊन मी मागच्या दाराने धावले, कारण बसथांबा त्या बाजूला आहे.

आई सायकलींच्या छपराखाली उभी होती. गळ्यातली दोरी तिने स्वेटरमधून वर ओढली होती आणि दोरीच्या टोकाचं बोटभर लांब काहीतरी तोंडाला लावलं होतं. मग तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली आणि पीचचा गोड वास माझ्यापर्यंत आला.

मी मफलर घेऊन तशीच आत आले.

"बस गेली का?" बेकबाईंनी विचारलं.

"हो, गेली."

ते फुंकायचं यंत्र जळलेल्या तंबाखूचा वायू मोजतं. ई-सिगारेटमध्ये काही जळत नाही, म्हणून यंत्राला काही कळत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला हे मीच समजावते. त्यासाठीच लघवीत पट्टी बुडवायची दुसरी तपासणी असते, तिच्यातून निकोटिन सुटत नाही. आईच्या कागदावर त्या रकान्यात मी दर वर्षी 'गरज नाही' असं लिहीत आले. स्वतःच्या आईच्या हातात लघवीची बाटली कोण देतं? दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्याच टेबलाखाली होता.

बाबा फुप्फुसांच्या आजाराने गेले. बुसानच्या इस्पितळात शेवटचे सात आठवडे त्यांच्या छातीतला आवाज मी ऐकला आहे. आईचा सकाळचा खोकला त्याच जातीचा होता का, हे आठवत मी संध्याकाळभर बसले. भीती वाटली. मग पाय बधिर होतो तसं मन बधिर झालं. मी भांडी घासली, भात उद्यासाठी काढून ठेवला आणि दिवा घालवला.

पुढचे नऊ दिवस आईचा फोन रोजच्यासारखा येत राहिला. "जेवलीस?" "जेवले. तू?" "जेवले." एवढंच आमचं बोलणं असतं, त्यामुळे काही लपवावं लागलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही बाबांच्या थडग्यावर गेलो. आईने गवत उपटलं, मी सोजू दारूचा पेला ओतला, सुका मासा आणि एक नाशपाती मांडली. त्यानंतर बाबांची सिगारेट. ओढणारा माणूस गेला की त्याला थडग्यावरही सिगारेट द्यायची, ही आमच्याकडची रीत. पण ती पेटवायची म्हणजे कुणीतरी एक झुरका घ्यायलाच हवा, आणि आईने सोडल्यापासून तो मी घेते. लोकांची सिगारेट सोडवणारी बाई वर्षातून एकदा दोन गावं पलीकडच्या दुकानातून गुपचूप पाकीट आणते आणि बापासाठी खोकते.

मी सिगारेट पेटवून दगडावर ठेवली. ती पूर्ण जळेपर्यंत उठायचं नसतं. आम्ही बसलो. खाली समुद्रात कालवांच्या दोऱ्यांचे पांढरे तरंगे रांगेने हलत होते.

"गळ्यातलं काढ," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. "कुणी सांगितलं?"

"तुझा मफलर माझ्याकडे आहे."

"अस्सं होय. मला वाटलं बसमध्ये गेला."

"कधीपासून ओढतेस?"

"दोन हिवाळे झाले. चुनजानं दिलं, कालवांच्या शेडमधल्या. ओल्या हातांनी लायटर पेटत नाही गं. हे गळ्यात असतं."

"बाबा कसे गेले ते विसरलीस? नि तिकडे माझ्या भिंतीवर तुझा फोटो..."

"काढून टाक. त्यात माझं नाक केवढं दिसतं."

"आई!"

ती नखातली माती काढत, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं बोलायला लागली.

"पहाटेपासून उभं राहून कालवं फोडायची. आठला बायका ओढायला बाहेर जातात, दहाला पुन्हा जातात. मी सोडली, मग मी आतच. एकदा नुसतीच बाहेर जाऊन पेटीवर टेकले. मुकादम आला. चांगला आहे तो, गोडच बोलला. 'मावशी, दमलात का? पुढच्या हंगामाला घरीच आराम करता?'" आईने हात झटकले. "ओढायला गेलं की सवय म्हणतात, ह्योसन. टेकायला गेलं की म्हातारी म्हणतात."

"म्हणून ओढायचं?"

"आधी नुसतं हातात धरायचे. आता लागतं. पीच मला आवडतसुद्धा नाही, चुनजाला आवडतो."

"मग काम सोड."

"आणि घरी बसून काय करू? तुझ्या नळीत फुंकत बसू?"

यावर माझ्याकडे आठ पानांचं छापील उत्तर आहे. तलफ आली की पाणी प्या. दहा वेळा खोल श्वास घ्या. हातांना काहीतरी काम द्या. मी मनातल्या मनात सगळी पानं उलटून पाहिली. दमणं त्यात कुठेच नव्हतं.

सोमवारी आईच्या कागदावर त्या रकान्यात खरं काय ते लिहायचं आणि फोटो उतरवायचा, हे मी ठरवलं. बेकबाई काय म्हणतील याचंही मला काही वाटलं नाही. फक्त आईच्या छातीकडे बघत होते, श्वास कसा येतो ते.

आईने दोरी डोक्यावरून काढून ते बोटभर नळकांडं मांडीवर ठेवलं. मला दिलं नाही आणि ओढलंही नाही. शेजारच्या पाइनच्या खोडाला पाठ टेकून तिने डोळे मिटले. सुरी धरून धरून वाकडी झालेली बोटं तिच्या मांडीवर उताणी पडली होती. एरवी सतत कामात असलेली ती कधी नव्हे ते काहीच करत नव्हती, आणि इथे तिला कुणी विचारणारही नव्हतं.

दगडावरची राख पुढे पुढे सरकत गेली आणि सिगारेट विझली.

"संपली ना?" आई डोळे न उघडताच म्हणाली. "चल. मला पहाटे जायचंय."

तिने तळवे जमिनीवर टेकले. मी पाकिटातून दुसरी काढली, पेटवली, खोकले आणि राखेशेजारी ठेवली.

आईने एक डोळा उघडला. "दुसरी?"

"बाबांचं एका सिगारेटवर कधी भागायचं?"

"तेही खरंच," आई म्हणाली आणि पुन्हा खोडाला टेकली.

पाकिटात अजून अठरा होत्या.