नऊ वर्षांची बरणी

“आधी माणूस विचार. मग बाटलीला हात लाव.”

सासूबाईंचा तो जुना आवाज कानात आला आणि नोरिएने फळीकडे नेलेला हात मागे घेतला. समोरच्या बाईला सासऱ्यांसाठी साके, तांदळाची दारू, हवी होती. चांगलीशी, एवढंच ती म्हणाली होती.

“जेवायला काय केलंय?”

“बांगडा. निखाऱ्यावर भाजलेला.”

“आणि ते गार घेतात की गरम?”

“गरमच. गार घेतली की दात ठणकतात, मग आमचं डोकं खातात.”

नोरिएने सुवासाची बाटली तिथेच राहू दिली. खालच्या फळीवरची, भाताच्या पेजेसारखी भरीव चवीची एक काढली. “ही कोमट करा. बाटली हातात धरवेल इतपतच. बांगड्याच्या तेलाला ही पुरून उरते.”

बाई गेली तसे कोपऱ्यातले कुराहाशी हसले. आयुष्यभर साकेच्या भट्टीवर राबलेला हा म्हातारा रोज दुपारी दुकानातच उभ्याने एक पेला घ्यायचा.

“नऊ वर्षांत थेंब चाखला नाहीस वहिनी, आणि सांगतेस अशी, जणू सकाळीच पेला रिचवून बसलीयेस!”

“दुकान आईंच्या जिभेवर चालतंय, कुराहाशीसान. माझ्या नाही.”

“ती जीभ तर...” म्हणत ते थांबले आणि पेल्याचं बूड उगाच बाहीने पुसू लागले.

त्या जिभेची मालकीण, नोरिएच्या सासूबाई किनूबाई, आतल्या खोलीत पडून होत्या. नऊ वर्षांपूर्वी अशाच जून महिन्यात मेंदूत रक्त साकळलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली, गिळणंही गेलं. तेव्हापासून अन्न नळीतून थेट पोटात. नोरिएचा नवरा त्याआधीच वारला होता. घरात दोघीच उरल्या. त्याच आठवड्यात नोरिए टेकडीवरच्या देवळात गेली आणि हात जोडून बोलली, आई स्वतःच्या तोंडाने चव घेईपर्यंत मी दारूला जीभ लावणार नाही. ज्या दिवशी घेतील, त्या दिवशी त्यातलाच पहिला पेला तुला वाहायला घेऊन मी माझ्या पायांनी वर येईन. पुढे गुडघे गेले. तरी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी खालच्या पायरीशी उभं राहून नमस्कार करणं तिने एक दिवसही चुकवलं नाही.

आतून नर्स ताबाताबाई हात पुसत बाहेर आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “आता दिवस थोडे आहेत. तोंड फार कोरडं पडतंय. ओलं करायला पाणीच हवं असं नाही, डॉक्टरांना मी विचारलंय. आवडीचं काही असेल तर स्पंजच्या काडीवर थेंबभर चालेल. त्यांना काय आवडायचं हो?”

गावातल्या तीन पिढ्यांना साके निवडून दिलेल्या घरातल्या या सुनेला ते ठाऊक नव्हतं. आई दिवसभर चाखायच्या आणि थुंकून टाकायच्या. आवडीने काय प्यायच्या, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

तिने फ्रिजमधली सगळ्यांत महागाची काढली. काडी ओठांना लावली. त्या बाटलीला पिकल्या खरबुजाचा वास होता. किनूबाईंनी ओठ मिटून घेतले. मग भरीव चवीची कोमट करून आणली. ओठ मिटलेलेच.

“राहू दे आता,” ताबाताबाई म्हणाल्या. “दमल्यात त्या.”

नोरिए अंथरुणाशेजारी बसली. तिची पाठ भरून आली होती. नऊ वर्षं दर दोन तासांनी कूस वळवायची, नळी धुवायची, दुकानाची घंटा वाजली की हात पुसत धावायचं. हा नवस दुसऱ्या वाटेनेही, आई गेल्या तरी, सुटू शकतो, असं गेल्या महिन्यात एकदा तिच्या मनात आलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पायरीशी बराच वेळ वाकून उभी राहिली होती.

आधी माणूस विचार.

ती पुढे झुकली. “आई, इतकी वर्षं विचारलंच नाही मी. तुम्हाला काय हवंय?”

किनूबाईंची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच राहिली. रोज तिथेच असायची. नोरिएला वाटे, भिंतीकडे बघत पडतात. आज तिने मान वळवून पाहिलं. कपाटावर, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली बरणी होती. आजारी पडण्याच्या दोन दिवस आधी आईंनी उमे या आंबट जर्दाळूसारख्या हिरव्या फळांचे देठ सुईने एकेक काढून, खडीसाखरेचे थर देऊन, वर पांढरी दारू ओतून भरलेली. बरणीवरच्या चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘मी सांगेपर्यंत उघडायची नाही.’ सांगणारी वाचाच गेली, म्हणून कोणी हात लावला नव्हता.

स्टुलावर चढून नोरिएने ती उतरवली. झाकण घट्ट बसलं होतं. ताबाताबाईंनी बरणी धरली तेव्हा कुठे सुटलं. आतली दारू काकवीच्या रंगाची झाली होती, फळं सुरकुतून तळाशी बसली होती. सगळी खोली त्या वासाने भरली.

काडी ओठांपाशी नेली. ओठ उघडले. जिभेचं टोक बाहेर आलं, थांबलं, आत गेलं. चेहरा आंबटाने आक्रसला आणि मग टाळूवर जीभ वाजल्याचा लहानसा आवाज झाला. ‘टच्.’ पसंत पडलेल्या साकेला आई तसंच करायच्या.

ताबाताबाई खिडकीकडे वळल्या.

पुन्हा ओठ उघडले. दुसरा थेंब दिल्यावर किनूबाईंचा डावा हात हळूहळू वर आला आणि त्याने नोरिएचं मनगट तिच्याच तोंडाकडे ढकललं. नवी नवरी म्हणून ती या घरात आली तेव्हा हाच क्रम असायचा. आधी आई चाखायच्या, मग पेला तिच्याकडे. ‘आता तू सांग,’ म्हणायच्या.

एक थेंब बोटावर ओघळला होता. बोट जुन्या सवयीने ओठांपर्यंत गेलं. नोरिएने ते तिथेच थांबवलं आणि एप्रनला पुसलं.

“आत्ता नाही, आई. आधी वर जाऊन येते. आल्यावर सांगते कशी झालीय ते.”

“मी आहे अजून तासभर,” ताबाताबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

नोरिएने छोट्या बाटलीत बरणीतली थोडी दारू काढून घेतली, रुमालात गाठ मारून बांधली आणि दुकानात येऊन चपला चढवल्या.

“दुकान बघाल जरा?”

कुराहाशींनी रुमालाच्या गाठीकडे पाहिलं, हवेतला वास घेतला आणि हातातला पेला खाली ठेवला.

“एकशे बारा पायऱ्या आहेत, वहिनी. आणि तुझे गुडघे?”

“ठाऊक आहे. रोज खालून मोजते.”

पायरीशी आल्यावर नेहमीसारखे तिचे हात जोडायला वर उठले. पण एका हातात गाठोडं होतं. तिने ते छातीशी धरलं, दुसरा हात कठड्याला लावला आणि उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला.